पानाच्या डाव्या कोपऱ्यातलं मीठ

डोंबिवली पूर्वेला, स्टेशनपासून चालत चार मिनिटांवर एक उडपी हॉटेल होतं, आणि त्या हॉटेलात माझ्यापेक्षा माझ्या नाकाला जास्त मान होता. हा मान मी कष्टाने मिळवलेला. रोज सकाळी इडली खाता खाता दोन वर्षं न चुकता थापा मारायच्या म्हणजे कष्टच पडतात, आणि कालची थाप आज लक्षात ठेवायची म्हणजे तर मेहनत दुप्पट.

थाप अशी होती. ठाण्याला खाडीकाठी, कोलशेतला आमच्या कंपनीत एकदा गॅस गळलेला. तो म्हणे मी जेवणाच्या सुट्टीत, तोंडात लोणच्याची फोड असताना, नुसत्या वासावरून ओळखला आणि तीनशे माणसांचे प्राण वाचवले. प्रत्यक्षात वॉचमनने शिट्टी वाजवली आणि सगळे पळाले. त्यांच्यात सर्वात पुढे मी होतो, एवढं मात्र शंभर टक्के खरं. पण शिट्टीची गोष्ट कोण ऐकतं? चटणी दुसऱ्यांदा मागवेपर्यंत तीनशेचे पाचशे झालेले. दिवाळीपर्यंत मी शेजारच्या कंपनीचीही माणसं वाचवून मोकळा झालेलो.

ऐंशीच्या दशकाची अखेर ती. मी कोकणातून आलेला कारकून. एका गृहस्थांकडे अर्ध्या खोलीत राहायचो. स्टोव्ह पेटवायला बंदी होती, त्यामुळे दोन्ही वेळा बाहेर. आमच्या गावी बाहेर खाणं म्हणजे शेजाऱ्याच्या घरी जेवणं. इथे मी ठाणे ते कल्याण एवढ्या पट्ट्यात सगळ्या जगाची सफर करून आलो. विठ्ठलवाडीला एका सिंधी काकांच्या गाडीवर दालपकवान मिळायचं. पकवान एवढं मोठं की ऊन लागलं तर डोक्यावर धरावं आणि घरी पोहोचल्यावर खावं. कल्याणला एका सरदारजींचा राजमा खाल्ला की मंगळवारची भूक गुरुवारी लागायची. डोंबिवलीत नवं नवं चायनीज आलं तिथे आचारी नेपाळचा, मालक मंगळूरचा, खाणारे आम्ही देवगडचे. चीनचा म्हणावा असा एकटा ड्रॅगन, तोही भिंतीवर. पेंटरने तो काढताना समोर सासऱ्याला बसवलं असणार, कारण त्या ड्रॅगनला जावयाची चीड आल्यासारखी दिसायची.

पण ही झाली सहल. घर म्हणजे उडपी. तिथे दाराजवळचं दगडी टेबल आमचं. आमचं म्हणजे माझं आणि एका निवृत्त मास्तरांचं. मास्तर माझी प्रत्येक थाप वहीतल्या चुकीसारखी तपासायचे.

"मागच्या आठवड्यात चारशे होते," ते म्हणायचे.

"मास्तर, शंभर जण तेव्हा घाबरून बोलत नव्हते. आता कबूल करतायत."

गल्ल्यावर मालक. त्यांना सगळे अण्णा म्हणत. गल्ल्याच्या वर बाळकृष्णाची तसबीर, हातात रवी धरलेला. आणि मागे भटारखान्यात आचारीकाका. उडुपीजवळच्या कुठल्याशा खेड्यातून अण्णांच्या जोडीनेच आलेले, साठीला टेकलेले, कमरेला पंचा, कपाळावर गंधाची उभी रेघ. बावीस वर्षं त्याच चुलीपुढे. त्यांचं सांबार वाटीत यायचं तेव्हा टेबलावरची भांडणं थांबायची. माझ्या डोळ्यांदेखत घटस्फोटाला निघालेलं एक जोडपं दुसरी वाटी मागवून घरी परत गेलंय. मास्तर म्हणतात ती बहीणभावंडं होती. असतील.

त्या भटारखान्याचा एक रिवाज होता. सकाळी साडेसहाला पहिल्या वाफेची इडली आणि पहिली वाटी सांबार त्या तसबिरीपुढे जायचं. त्याआधी कोणी काही चाखायचं नाही. बोटसुद्धा लावायचं नाही. आचाऱ्यानेही नाही. देवाचं उष्टं आपण खातो, आपलं त्याला द्यायचं नाही. त्यामुळे मीठ, आंबट, तिखट, सगळं काका वासावर ठरवायचे.

"मिठाला कसला वास, काका?" मी एकदा विचारलेलं.

"मिठाला नाही. मीठ पडलं की चिंचेचा वास खाली बसतो. बसला की हात थांबवायचा." त्यांनी हाताचा तळवा हळूच खाली नेऊन दाखवला, झोपलेल्या पोरावर पांघरूण घालतात तसा.

तर त्या वर्षी आषाढ संपता संपता एका सकाळी मास्तरांनी सांबाराची वाटी बाजूला सारली.

"खारट आहे."

अख्ख्या हॉटेलातले चमचे थांबले. बावीस वर्षांत वाटी अशी बाजूला झाली नव्हती. अण्णा गल्ला सोडून आले. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

"साहेब, तुम्ही सांगा. तुमचं नाक काय म्हणतं?"

मी आधीच चाखलेलं. खारट कसलं, त्या वाटीत मिठागर होतं. पण भटारखान्याच्या दारात काका उभे होते, हातातली पळी छातीशी धरून. मग मी काय बोलणार.

"खाडीचं वारं आहे अण्णा," मी म्हणालो. "भरतीला हवेतच मीठ असतं. कोलशेतला आम्ही खिडकीशी डबा उघडला की भाजी आपोआप खारट होते. वास घ्या, कळेल."

अण्णांनी वास घेतला. मास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी शाळेत असतो तर बाकावर उभा राहिलो असतो.

"वारा माझ्याच वाटीत बरा शिरला," ते पुटपुटले.

त्याच संध्याकाळी काकांनी मला मागच्या दाराने बोलावलं. नारळाच्या शेंड्यांच्या ढिगाशेजारी बसवलं, पुढ्यात कॉफी ठेवली. स्वतः उभेच.

"वास जातो," ते म्हणाले. "म्हणजे गेला. आषाढ लागला तेव्हा सर्दी झालेली. सर्दी बरी झाली, वास परत आला नाही."

"डॉक्टरकडे गेलात?"

"नाकात घालायला थेंब दिले. त्या थेंबांचाही वास येत नाही."

मी शहाणपणा करत म्हटलं, की मग माप करा. एवढ्या पाण्याला एवढं मीठ.

"चिंच रोज वेगळी. डोंबिवलीचं पाणी तर सकाळचं वेगळं, संध्याकाळचं वेगळं. कुठलं माप धरू?"

"मग जरासं चाखून..."

त्यांनी फक्त पाहिलं. मी उरलेलं वाक्य कॉफीबरोबर गिळलं.

अण्णांना सांगायचीही सोय नव्हती. अण्णांच्या जावयाचं ठाण्यात हॉटेल होतं. तो दर रविवारी येऊन सांगायचा, की सासरेबुवा, माझ्याकडचा एक तरुण आचारी पाठवतो, हा म्हातारा आता थकला. अण्णा दर रविवारी विषय बदलायचे. पण वाट्या परत यायला लागल्यावर ते किती रविवार बदलणार होते?

"गावी काय आहे, काका?"

"भाऊ आहे. घर आहे. जेवायला सहा माणसं." त्यांनी समोरच्या पातेल्याकडे पाहिलं. ते एवढं मोठं होतं की त्यात आमच्या गावची अर्धी ग्रामपंचायत बसली असती. "सहा माणसांचं सांबार एवढंसं. त्यात मला हात घालता येत नाही. बावीस वर्षं ह्यात घातलाय."

मग त्यांनी मूळ गोष्ट काढली. मी रोज पहाटे सहाला मागच्या दाराने यायचं, पातेल्यावर वास घ्यायचा, आणि चिंच खाली बसली की सांगायचं.

"पाचशे माणसं वाचवलीत तुम्ही," ते म्हणाले. "एक अजून."

आता ह्यावर माणसाने काय म्हणावं? माझ्या नाकाचं खरं सांगायचं तर पावसाळ्यात माझे स्वतःचे मोजेसुद्धा मला दुसऱ्यांनी दाखवावे लागायचे. ते तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. दोन वर्षांची कमाई जिभेवर येऊन बसलेली, तिने मला बोलू दिलं नाही. मी मान डोलावली.

पहिल्या दिवशी मी पातेल्यावर वाकलो. वाफ तोंडावर आली, डोळ्यांतून पाणी आलं, आणि मला वास आला तो सांबाराचा. चिंच कुठे, मिरची कुठे, बसलंय कोण, उठलंय कोण, काही पत्ता नाही. काका मिठाचा डबा घेऊन माझ्या तोंडाकडे बघत होते.

"घाला," मी म्हणालो. त्यांनी घातलं. "अजून थोडं." घातलं. "बस." का बस, तर मला वाफ सहन होईना म्हणून.

सांबार जमलं. दुसऱ्या दिवशीही जमलं, आणि मला खरंच वाटायला लागलं की नाक आहे बुवा आपल्याला. तिसऱ्या दिवशी रविवार. जावई आले, त्यांनी एक चमचा तोंडात घातला आणि सासऱ्यांकडे नुसतं हसून पाहिलं. अळणी होतं, साधं अळणी नाही, रुग्णालयातल्यासारखं. अण्णांनी त्या रविवारी विषय बदलला नाही.

चौथ्या दिवशी मी पुन्हा पातेल्यावर वाकलो. काका मिठाचा डबा माझ्याजवळ ठेवून वळले आणि कोपऱ्यात नारळ खोवायला बसले, माझ्याकडे पाठ करून. मी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि उकळत्या सांबारात बोट बुडवून चाटलं. बोट भाजलं. पण जिभेला सगळं कळलं.

"काका, दोन मुठी," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवसापासून मी खिशात पेनामागे एक चमचा घेऊन जायला लागलो. काका रोज त्याच वेळी नारळाकडे वळायचे, आणि नारळ खोवायला त्यांना बराच वेळ लागायचा. मी चाखायचो, चमचा पुसून खिशात टाकायचो आणि मग नाक पुढे करून जोरात श्वास घ्यायचो, म्हणजे आवाज नीट जावा.

पुढचे तीन आठवडे त्या सांबाराने जे काही केलं त्याला तोड नाही. लोक कल्याणहून डबे घेऊन यायला लागले. एक नवरदेव अंगाला हळद लागलेली असताना वाटी संपवून गेला. मास्तरांनी स्वतःहून दुसरी वाटी मागितली आणि माझी पाचशे माणसं कमी केली नाहीत. जावई एका रविवारी आलेच नाहीत.

आणि मला अन्न गोड लागेना. साडेसहा वाजता काका पहिली वाटी दोन्ही हातांनी धरून तसबिरीपुढे न्यायचे. डोळे मिटायचे, ओठ हलायचे. आणि मी दारात उभा, जिभेवर तेच सांबार. बावीस वर्षं ज्या माणसाने स्वतःच्या जिभेला पहिला घास दिला नाही, त्याच्या हातून मी देवाला रोज माझं उष्टं वाढत होतो. सांगावं तर काका तिथल्या तिथे चूल सोडतील. न चाखावं तर चार दिवसांत जावई सोडायला लावतील. यायचंच बंद करावं, तर तेच. पाचशे माणसं वाचवणं फार सोपं होतं, ती नव्हतीच ना. हा एक माणूस खरोखरचा होता, आणि त्याच्यापुढे मी खिशात चमचा घेऊन रोज सहाला उभा.

गोकुळाष्टमीच्या सकाळी काम आटोपल्यावर काका म्हणाले, "उद्या येऊ नका."

दुसऱ्या दिवशी गोपाळकाला. त्या दिवशी अण्णा हॉटेल बंद ठेवून नेहमीच्या गिऱ्हाइकांना केळीच्या पानावर जेवू घालायचे. वर्षातला सर्वात मोठा स्वयंपाक. मी म्हटलं, उद्याच तर माझी गरज आहे.

"उद्या त्याच्या वाढदिवसाचं जेवण आहे," काकांनी गल्ल्यावरच्या तसबिरीच्या दिशेने मान हलवली. "रोजचं मी त्याला सांगत होतो. हे चाखलेलं आहे, घ्यायचं तर घे. तो काही बोलला नाही. उद्या तसं नको."

माझा हात आपोआप खिशावर गेला.

"चमचा राहू द्या," ते म्हणाले.

"काका, मी तुम्हाला सांगणार होतो..."

"तुम्हाला नाक नाही हे मला आधीपासून माहीत होतं. मागच्या वर्षी उपमा करपलेला. तुम्ही दोन प्लेट खाल्ल्यात आणि म्हणालात, काका, आज सुगंध निराळा आहे."

"मग मला कशाला बोलावलंत?"

काका हसले. बराच वेळ हसत होते, पण डोळे पातेल्याकडे.

"खरं नाक असलेला माणूस नुसता वास घेतो," ते म्हणाले. "मला चोरून खाणारा हवा होता. मी चाखणार नाही, आणि चाख म्हणून कोणाला सांगणारही नाही. पाठ फिरवली, तेवढं केलं. पहिले तीन दिवस तुम्ही खरोखर नुसता वास घेत बसलात, मला वाटलं, माणूस ओळखायला चुकलो. मग लक्षात आलं, मीच समोर बघत उभा होतो."

आयुष्यभर मी लोकांना बनवत आलो. इतक्या सफाईने मला कोणी बनवलेलं नाही. रागावण्यासाठी तोंड उघडलं, पण त्यांच्या तोंडाकडे पाहिल्यावर जमेना.

"उद्या मीठ कसं कळणार?"

"बघू," ते म्हणाले, आणि नारळ खोवायला बसले. ह्या वेळी माझ्याकडे तोंड करून.

गोपाळकाल्याला दुपारी आम्ही चाळीसेक जण पानांवर बसलो. मास्तर शेजारी. उडुपीकडच्या पद्धतीने पानाच्या डाव्या कोपऱ्यात आधी मिठाची छोटी ढिगली पडली, मग लोणचं, कोशिंबीर, फरसबीची भाजी, भात, आणि भातावर सांबार. अण्णा स्वतः वाढत होते. नैवेद्य दाखवून झालेला. काका भटारखान्याच्या दारात पळी छातीशी धरून.

मी पहिला घास घेतला. सांबारात मीठ नव्हतं. कमी नव्हतं, नव्हतंच. भाजीत नव्हतं, कोशिंबिरीत नव्हतं. जास्त पडलं तर काढता येत नाही, म्हणून त्या माणसाने कशातच घातलं नव्हतं.

मी मान वर केली नाही. माझं डोकं झपाझप वारं, भरती, टँकर, काहीतरी शोधत होतं, पण एक थाप सापडेना. शेजारी मास्तरांचा हात थांबलेला दिसला. आता म्हणणार, मला वाटलं. मास्तरांनी डाव्या कोपऱ्यातलं मीठ बोटांनी उचललं, सांबारभातात कालवलं आणि जेवायला लागले. पलीकडच्यानेही तेच केलं. मग त्याच्या पलीकडच्याने. सगळ्या पंगतीत चाळीस हात एकापाठोपाठ एक कोपऱ्याकडे जात होते, आणि आवाज कोणाचाच नाही.

"मीठ वाढा जरा," मास्तर अगदी हळू म्हणाले, पाणी मागावं तसं.

अण्णा मिठाचं भांडं घेऊन फिरले. दुसऱ्यांदा फिरले. तिसऱ्यांदा भांडं रिकामं झालं, तेव्हा ते पंगतीच्या मध्यावर त्याचा तळ बघत उभे राहिले. मग त्यांनी दाराकडे पाहिलं. काकांनी पळी खाली ठेवली.

जेवणं झाल्यावर अण्णांनी आत दोन पानं मांडली, काकांना बसवलं आणि स्वतः त्यांच्यासमोर बसले. मी हात धुवायला मागे गेलेलो, तेव्हा दारातून दिसलं. काकांनी एक घास घेतला, आणि त्यांचा हात थेट डाव्या कोपऱ्यात गेला. कोपरा रिकामा होता. अण्णांनी आपल्या पानातली ढिगली उचलून त्यांच्या पानात ठेवली.

"गल्ल्यावर बस माझ्याजागी," अण्णा म्हणाले. "मला तरी कुठे होतं आता."

"गल्ल्यावरून काय ढवळू?" काका म्हणाले. "जावयाला सांग, माणूस पाठव."

आठवड्याने ते गावी गेले. मी बस सुटायची तिथे गेलेलो. त्यांच्या पिशवीत एक लहानसं पितळी पातेलं होतं, नवं कोरं, सहा माणसांपुरतं.

नवा आचारी चुणचुणीत निघाला. दर पाच मिनिटांनी चाखतो, तळहातावर थेंब घेऊन फुर्रकन ओढतो. नैवेद्याची वाटी वेगळी काढून ठेवतो, मग बाकीच्यात मीठ घालतो. सांबार उत्तम होतं, रोज सारखंच उत्तम, आणि एकही वाटी परत जात नव्हती. तक्रारीला जागाच नव्हती. मी रोज दोन वाट्या खात होतो.

दोन-एक महिन्यांनी एका सकाळी अण्णा गल्ला सोडून टेबलापाशी आले. माझ्या वाटीकडे पाहत उभे राहिले.

"साहेब, नाक काय म्हणतं?"

मास्तरांनी चमचा थांबवला. वाटीतून वाफ येत होती.

"सर्दी झालीय, अण्णा," मी म्हणालो.

ती सर्दी माझी पुढे कधी बरी झाली नाही.